नीळकंठशास्त्री नेहेम्या गोऱ्हे

नीळकंठशास्त्री गोऱ्हे ऊर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे (८ फेब्रुवारी १८२५ – २९ ऑक्टोबर १८९५) हे एकोणिसाव्या शतकातील संस्कृत पंडित, दर्शनशास्त्राचे अभ्यासक आणि अँग्लिकन ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांच्या आडनावाचे गोरे असेही लेखन आढळते. काशीत वाढलेल्या या मराठी चित्पावन पंडितांनी तरुणपणी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि पुढे स्वतःच त्या धर्माचा स्वीकार केला. ईश्वर सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असेल, तर मनुष्याचे तारण किंवा नाश आधीच ठरलेला असतो काय, आणि तसे असल्यास मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला काय अर्थ उरतो, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना प्रश्न आहे. हिंदू कर्मसिद्धांताच्या बाजूने तो ख्रिस्ती प्रचारकांपुढे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्या आरंभीच्या भारतीय विद्वानांत गोऱ्हे यांची गणना होते. पंडिता रमाबाई यांच्या ख्रिस्ती धर्मस्वीकारामागेही त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता.

जन्म आणि शिक्षण

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म बुंदेलखंडातील झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. पेशवाईच्या काळात अनेक मराठी ब्राह्मण कुटुंबे राज्यकारभाराच्या निमित्ताने उत्तरेत गेली व तेथेच स्थायिक झाली. गोऱ्हे घराणे त्यांपैकीच एक होते. या घराण्याचा बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी संबंध होता. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले. काशी हे त्या काळी दक्षिणी पंडितांचे मोठे केंद्र होते. तेथील मराठी शास्त्रीमंडळींच्या सहवासात नीळकंठशास्त्र्यांनी व्याकरण, न्याय आणि अन्य शास्त्रांचे पारंपरिक पद्धतीने अध्ययन केले. न्यायशास्त्रामुळे वादपद्धती त्यांच्या अंगवळणी पडली. पूर्वपक्ष यथार्थपणे मांडल्यावाचून उत्तरपक्षाकडे जायचे नाही, ही शिस्त त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते.

गोऱ्हे कुटुंब शैव होते. नीळकंठशास्त्री मात्र स्वतःच्या विचाराने वैष्णव मताकडे वळले. चालत आलेले मत तपासून घेण्याची त्यांची वृत्ती या पहिल्या बदलातच दिसून येते.

मतपरीक्षेचा वाद

स्कॉटलंडचे संस्कृतज्ञ आणि कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. खरा धर्म कोणता हे बुद्धीच्या कसोट्या लावून ठरवावे आणि त्या कसोट्यांना ख्रिस्ती धर्मच उतरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. देवभाषेतच आव्हान आल्यामुळे पंडितवर्गाला त्याची दखल घेणे भाग पडले. सेहोर येथील मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने, तर बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांनी स्वतःच्या नावाने त्याला संस्कृतात उत्तरे दिली. तिसरे आणि सर्वांत सविस्तर उत्तर नीळकंठशास्त्र्यांचे होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या नावाचा हा ग्रंथ त्यांनी १८४४-४५ च्या सुमारास, वयाच्या विशीच्या आसपास लिहिला. तो छापील स्वरूपात उज्जैन येथून १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच काळात काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. स्मिथ यांना वादात निरुत्तर करावे, या हेतूने ते त्यांच्याकडे जाऊ लागले होते.

शास्त्रतत्त्वविनिर्णयातील आक्षेप

या ग्रंथाचा एक मुख्य मुद्दा बुद्धीच्या मर्यादेचा आहे. धर्माचे ज्ञान शास्त्रावरील श्रद्धेने होते. श्रद्धेचा आधार सोडलेली तर्कबुद्धी कोणतेही शास्त्र मोडू शकते, त्यात ख्रिस्ती शास्त्रही आले. हे दाखवण्यासाठी नीळकंठशास्त्र्यांनी म्यूर यांची बुद्धिवादी कसोटी ख्रिस्ती सिद्धांतांनाच लावली. त्यातून उभा राहिलेला सर्वांत प्रभावी आक्षेप ईश्वराच्या न्यायाविषयीचा होता.

ख्रिस्ती मतानुसार जीव अनादी नाही. ईश्वर तो नव्याने निर्माण करतो आणि त्याला एकच जन्म असतो. त्या जन्मातील पाप व श्रद्धा यांवर त्याची अनंत काळची गती ठरते. नीळकंठशास्त्र्यांनी विचारले की, पूर्वजन्म नसेल तर एक जीव जन्मांध आणि दुसरा धडधाकट का जन्मतो? ज्याने अद्याप काहीच केलेले नाही असे तान्हे मूल यातना का भोगते? पशूंना पापपुण्य नाही, मग त्यांच्या वाट्याला दुःख का यावे? मनुष्याच्या मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापासाठी कधीही न संपणारी शिक्षा देणारा ईश्वर न्यायी किंवा दयाळू कसा म्हणावा?

या आक्षेपाला भारतीय दर्शनपरंपरेत पूर्वपीठिका आहे. ब्रह्मसूत्रांत जगातील विषमतेमुळे ईश्वरावर ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ म्हणजे पक्षपात व निर्दयता हे दोष येतात काय, असा प्रश्न चर्चिलेला आहे. ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो आणि संसार अनादी असल्यामुळे कर्माची साखळीही अनादी आहे, असे त्याचे पारंपरिक उत्तर आहे. ज्या धर्मात पूर्वकर्म नाही, त्या धर्मातील ईश्वराला या दोषांतून सुटण्याची वाट कोणती, असा नीळकंठशास्त्र्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

ख्रिस्ती परंपरेतील मूळ प्रश्न

नीळकंठशास्त्र्यांनी बाहेरून विचारलेला हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात आतूनही अनेक शतके विचारला जात होता. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस या संन्याशाने मनुष्य स्वतःच्या इच्छेने सदाचरणी होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी त्याचा प्रतिवाद केला. आदिपापामुळे मनुष्याची इच्छाशक्तीच दुबळी झाली आहे, सत्कर्माकडे वळण्यासाठी आधी ईश्वराची कृपा लागते आणि ती कोणावर व्हावी हे ईश्वरच ठरवतो, असे त्यांचे मत होते. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) यांनी या विचाराला अधिक कठोर रूप दिले. कोणाचे तारण व्हावे आणि कोणाचे होऊ नये, हे दोन्ही ईश्वराने अनादिकाळापासून नेमले आहे, असे त्यांनी शिकवले. यालाच पूर्वनियोजनाचा सिद्धांत म्हणतात. हॉलंडमधील याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) यांच्या अनुयायांनी कृपा सर्वांसाठी असून ती स्वीकारणे वा नाकारणे मनुष्याच्या हाती असते, अशी बाजू घेतली. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) त्यांचे मत फेटाळले. मात्र अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीने तशाच मताचा पुरस्कार केला.

महाराष्ट्राशी या वादाचा संबंध प्रत्यक्ष होता. मुंबईत १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मराठी मिशनचे प्रचारक आणि १८२३ पासून कोकणात व पुढे मुंबईत काम करणारे स्कॉटिश प्रचारक हे दोन्ही कॅल्व्हिनच्या परंपरेतून आलेले होते. स्कॉटिश चर्चच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात पूर्वनियोजनाचा सिद्धांत स्पष्ट शब्दांत नमूद आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ धर्मकलमांपैकी सतरावे कलमही याच विषयावर आहे. मात्र ते तारणासाठी झालेल्या निवडीविषयी बोलते. नाशासाठी नेमणूक असते, असे ते म्हणत नाही. त्यामुळे त्या चर्चमध्ये दोन्ही विचारांच्या लोकांना जागा राहिली.

प्रारब्ध आणि पूर्वनियोजन या कल्पना मराठी वाचकाला सारख्या वाटण्याचा संभव असतो, पण त्यांत मोठा फरक आहे. प्रारब्ध हे जीवाच्या स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ आहे. पूर्वनियोजनात जीवाने काही करण्यापूर्वीच ईश्वराचा निर्णय झालेला असतो. पहिल्यात जबाबदारी जीवाची राहते, दुसऱ्यात ती ईश्वराकडे जाते. नीळकंठशास्त्र्यांच्या आक्षेपाची धार याच फरकात होती.

धर्मांतर

स्मिथ यांच्याशी चर्चा आणि बायबलचे वाचन यांतून नीळकंठशास्त्र्यांच्या मनात पालट होऊ लागला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते विशेष प्रभावित झाले. वाद जिंकण्यासाठी उघडलेला ग्रंथ त्यांना सोडवेना. तरीही हा बदल एका दिवसात झाला नाही. शंका, प्रतिशंका, घरच्यांचा विरोध आणि स्वतःची घालमेल यांत सुमारे तीन वर्षे गेली. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

काशीच्या पंडितसमाजात या घटनेने खळबळ उडाली. जातिबहिष्कार, आप्तांचा वियोग आणि विद्वानांच्या सभेतील स्थान गमावणे ही त्या काळातील धर्मांतराची किंमत त्यांना चुकवावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कन्येच्या जन्मानंतर अल्पावधीतच, १८५३ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. एलन लक्ष्मी गोऱ्हे या कन्येचे संगोपन युरोपीय कुटुंबांत आणि नंतर इंग्लंडमध्ये झाले. पुढे त्या भारतात परतल्या आणि इंग्रजी भक्तिगीतांच्या कवयित्री व धर्मसेविका म्हणून ओळखल्या गेल्या.

इंग्लंडमधील वास्तव्य

१८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत पंडित म्हणून गोऱ्हे इंग्लंडला गेले. तेथे त्यांची राणी व्हिक्टोरिया यांच्याशी भेट झाली. ऑक्सफर्ड येथे संस्कृतज्ञ मॅक्स म्युलर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. म्युलर यांनी उत्तरायुष्यात आपल्या भारतीय स्नेह्यांच्या आठवणी लिहिताना गोऱ्हे यांचे चित्र रेखाटले आहे. ख्रिस्ती देशात ख्रिस्ताच्या उपदेशानुसार चालणारा समाज दिसेल, या अपेक्षेने ते गेले होते. प्रत्यक्षातील ऐश्वर्य आणि धर्माविषयीची उदासीनता पाहून त्यांची घोर निराशा झाली. मात्र या निराशेने त्यांनी धर्म सोडला नाही. भारतात परतल्यावर त्यांनी स्वतःचे राहणीमान अधिकच साधे केले.

षड्दर्शनदर्पण

१८६० मध्ये गोऱ्हे यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सांख्य, न्याय-वैशेषिक, वेदान्त इत्यादी दर्शनांचे ख्रिस्ती दृष्टिकोनातून परीक्षण करणारा हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये कलकत्त्याहून प्रकाशित झाले. दर्शनांची मांडणी मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे केलेली असल्यामुळे त्यातील निष्कर्ष अमान्य असणाऱ्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेतली.

पंधरा वर्षांपूर्वी ज्या कर्मसिद्धांताचा त्यांनी आधार घेतला होता, त्याचेच येथे त्यांनी खंडन केले. कर्माची साखळी अनादी मानल्याने दुःखाच्या कारणाचा उलगडा होत नाही, तो एकेका जन्माने मागे ढकलला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. जीव आणि परमाणू ईश्वराने निर्माण केलेले नसतील आणि फळ देतानाही तो जीवांच्या कर्माने बांधलेला असेल, तर त्याचे सर्वशक्तिमत्त्व नाममात्र उरते, हाही त्यांचा आक्षेप होता. प्रत्येक दुःख ही शिक्षाच असते असे नव्हे, ईश्वराचे हेतू मनुष्याला पूर्णपणे कळणारे नाहीत, अशी भूमिका त्यांनी घेतली.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता त्यांच्या विचारातील मूळ पेच स्पष्ट होतो. कर्म अनादी मानले तर ईश्वराचा न्याय सुरक्षित राहतो, पण त्याची सत्ता मर्यादित होते. जीव ईश्वरनिर्मित मानला तर सत्ता अबाधित राहते, पण न्यायाविषयी प्रश्न उपस्थित होतो. गोऱ्हे यांनी आयुष्याच्या दोन टप्प्यांवर या पेचाच्या दोन्ही बाजू लढवल्या.

दीक्षा आणि सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न

आरंभी गोऱ्हे चर्च ऑफ इंग्लंडमधील इव्हँजेलिकल प्रवाहाशी निगडित होते. पुढील अभ्यासात प्राचीन चर्चची परंपरा, संस्कारविधी आणि धर्मगुरूंची अखंड मालिका यांना महत्त्व देणारा हाय चर्च प्रवाह त्यांना पटत गेला. या प्रवाहात कृपा मुख्यतः बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा संस्कारांद्वारे मिळते आणि मनुष्य तिला प्रतिसाद देऊ शकतो किंवा तिच्याकडे पाठ फिरवू शकतो, असे मानले जाते. कॅल्व्हिनच्या अटळ नेमणुकीपेक्षा इच्छास्वातंत्र्याला येथे अधिक वाव होता.

१८६८ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्याकडून त्यांना डीकनपदाची आणि १८७० मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच १८६८ साली सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका कलकत्त्याहून प्रसिद्ध झाली. हेच आक्षेप त्यांनी स्वतः शास्त्रतत्त्वविनिर्णयात घेतले होते. आता त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. बुद्धी धर्मतत्त्वांचा अंतिम निर्णय करू शकत नाही आणि ईश्वरी प्रकटीकरण स्वीकारावे लागते, हा त्यांचा आधार दोन्ही वेळी सारखाच होता. प्रमाण मानलेले शास्त्र तेवढे बदलले होते.

तथापि या उत्तरांनी त्यांचे स्वतःचे मन कायमचे शांत झाले असे नाही. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे शंकांनी त्यांना आयुष्यभर ग्रासले. एक शंका फिटली की दुसरी उभी राही, आणि ती लपवून ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. १८७६ मध्ये ऑक्सफर्डजवळील काउली येथील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट संघात त्यांनी नवशिक्या संन्यासी म्हणून प्रवेश केला. मात्र त्या संघाची अखेरची आजीवन व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. जवळजवळ वीस वर्षे ते नवशिक्याच राहिले.

महाराष्ट्रातील कार्य

उत्तरायुष्यात गोऱ्हे यांचा बराच काळ इंदूर, पुणे आणि मुंबई येथे गेला. ब्राह्मो समाज आणि प्रार्थना समाज यांच्या अनुयायांशी त्यांनी व्याख्याने व पुस्तिका यांद्वारे सातत्याने वाद-संवाद केला. मुंबई व पुणे येथे दिलेल्या अशा चार व्याख्यानांचे पुस्तक १८७५ मध्ये निघाले. एकेश्वरवादी सुधारकांनी पुनर्जन्म आणि सार्वकालिक शिक्षा दोन्ही नाकारून दयाळू ईश्वराची उपासना स्वीकारली होती. शून्यातून सृष्टी निर्माण करणारा, पवित्र आणि पापाचा तिटकारा असणारा ईश्वर ही कल्पना सुधारकांनी ख्रिस्ती धर्मातून घेतली आहे, तेव्हा तिचा उगम मान्य करावा, असे गोऱ्हे यांचे प्रतिपादन होते.

जबलपूर भागातील शिक्षणखात्याचे अधिकारी सफदर अली यांनी १८६४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यावरही गोऱ्हे यांच्या सहवासाचा प्रभाव पडला होता.

पंडिता रमाबाई यांच्यावरील प्रभाव

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांचा गोऱ्हे यांच्याशी परिचय झाला. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृतज्ञ आणि दोघांनीही परंपरागत शास्त्रे मुळातून वाचलेली. रमाबाई इंग्लंडला गेल्यानंतरही ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याच्या प्रमाणांविषयीचे गोऱ्हे यांचे मराठी लेखन त्यांच्यापर्यंत पोहोचले. आपल्या बुद्धीचे समाधान त्या लेखनाने केले, असे रमाबाईंनी पुढे मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र तारणाच्या प्रश्नावर रमाबाई पुढे वेगळ्या वाटेने गेल्या. चर्चच्या अधिकारापेक्षा स्वतःच्या विवेकाला त्यांनी अधिक मान दिला. १८९१ च्या सुमारास आलेल्या आत्मानुभवानंतर बाप्तिस्मा किंवा सत्कर्मे यांनी नव्हे, तर श्रद्धेने स्वीकारलेल्या कृपेने तारण मिळते, असा त्यांचा ठाम विश्वास झाला. गोऱ्हे यांनी संस्कारांवर दिलेला भर त्यांना अपुरा वाटला. एकाच मराठी विद्यापरंपरेतून आलेल्या या दोघांनी कृपा आणि मानवी प्रयत्न यांची सांगड दोन निराळ्या प्रकारे घातली.

अखेर

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे गोऱ्हे यांचे निधन झाले. मृत्यूसमयी ते ७० वर्षांचे होते. सी. ई. गार्डनर यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या भारतीय अभ्यासकांनी त्यांच्या विचारांकडे पुन्हा लक्ष वेधले. रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये प्रकाशित केलेल्या मतपरीक्षा वादाच्या अभ्यासात शास्त्रतत्त्वविनिर्णयाचे सविस्तर विवेचन आहे.

मूल्यमापन

हिंदू परंपरेच्या अभ्यासकांना गोऱ्हे यांचा पहिला ग्रंथ महत्त्वाचा वाटतो, तर ख्रिस्ती अभ्यासकांना नंतरचे लेखन. त्यामुळे त्यांच्या जीवनाचे दोन तुकडे करून पाहण्याची प्रथा पडली. परंतु ईश्वराचा न्याय, त्याची सत्ता आणि मनुष्याची जबाबदारी या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न दोन्ही कालखंडांत कायम आहे. ऑगस्टीनपासून वेस्लीपर्यंत युरोपात ज्या वादाने चर्चमध्ये फूट पाडली, तो वाद गोऱ्हे यांच्या बाबतीत एकाच माणसाच्या मनात चालला.

त्यांच्यावर धर्मत्यागाचा आरोप झाला, तसेच ख्रिस्ती वर्तुळात त्यांच्या शंकाखोरपणाविषयी नाराजीही होती. मात्र प्रतिपक्षाचे मत जाणून घेतल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नये आणि स्वतः विचारलेला प्रश्न पक्ष बदलल्यावर सोयीस्करपणे विसरू नये, ही काशीच्या पाठशाळेत मिळालेली शिकवण त्यांनी अखेरपर्यंत पाळली. एकोणिसाव्या शतकातील धर्मविषयक वादांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचे लेखन आजही उपयुक्त ठरते.